एक फेर की दोन

कवळीकाकांचे दगड मी धुवायला घेतले तेव्हा माझा हेतू अगदी शुद्ध होता. माझ्या हातून आजवर झालेली बहुतेक नुकसानं शुद्ध हेतूनंच झालेली आहेत, हे आमची ही तुम्हाला न विचारताही सांगेल.

काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. त्यांची धाकटी बहीण सोबतीला येऊन राहणार होती, पण आयत्या वेळी तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि घराची किल्ली शेजारी म्हणून माझ्याकडे आली. कुंडीला पाणी घाल, दूध आलं तर आत ठेव आणि कशालाही हात लावू नकोस, एवढ्या तीनच सूचना होत्या. त्यांतल्या दोन मी काटेकोर पाळल्या.

काकांच्या पुढच्या खोलीत खुर्ची एक आणि दगड बेसुमार. चपलांच्या खोक्यांत दगड, बिस्किटांच्या डब्यांत दगड, खिडकीच्या कठड्यावर दगड. टेबलावरच्या पत्र्याच्या ट्रेमधले तर जपून मांडल्यासारखे दिसत होते. सगळ्यांवर पिठासारखी धूळ. मला वाटलं, माणूस नवे डोळे घेऊन घरी येणार, त्याला पहिलं दर्शन धुळीचं कशाला? ट्रेमधले दगड मी साबणाच्या पाण्यात घातले. ढिम्म फरक पडेना. मग मोरीत संडास साफ करायची बाटली दिसली.

असा काही फेस आला म्हणता! फसफस, बुडबुडे, टबभर नुसता जल्लोष. मी हिला हाक मारून आणलं. "बघ, किती वर्षांचा मळ निघतोय."

"मळ असा आवाज करतो?" ही म्हणाली.

कौतुक करायचं सोडून शंका काढायची ही तिची जुनी खोड. मी दुर्लक्ष केलं आणि जेवायला गेलो.

जेवून आलो तर टबात मळ नव्हता आणि दगडही जवळजवळ नव्हते. शर्टाच्या बटणांसारख्या ज्या गोल गोल चकत्या होत्या, त्यांच्या जागी तांदळाच्या कण्या उरल्या होत्या. तळहाताएवढ्या एका लादीवर मघाशी फुलासारखी काहीतरी नक्षी होती, एवढं मला आठवत होतं. ती लादी आता वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती.

काका आले ते काळा चष्मा लावून. दारातच थांबले, नाक वर केलं.

"ॲसिड?"

"जरा साफसफाई केली, काका."

"हं." ते टेबलाशी गेले. ट्रेवरून बोटं फिरवली. "चुनखडी आहे रे ती. ॲसिडात टिकत नाही." मग ती लादी हातात घेतली. चाचपली. उलटी केली, पुन्हा सुलटी केली. नक्षी चुकून दुसऱ्या बाजूला गेली असेल, अशा आशेनं पुन्हा एकदा उलटी केली. "किती वेळ ठेवलंस?"

"जेवून येईपर्यंत."

"पोटभर जेवलास वाटतं," काका म्हणाले आणि चष्मा न काढताच खुर्चीत बसले.

बस्स. ते ओरडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी मोकळा झालो असतो. ते गप्प बसले आणि मी अडकलो. प्रायश्चित्त म्हणून त्यांच्या डोळ्यांत औषध घालायचं काम मी अंगावर घेतलं. थेंब घातले की काका मान मागे टाकून, डोळे मिटून पडून राहत. डोळे मिटलेला माणूस उघड्या डोळ्यांच्या माणसापेक्षा बरंच जास्त बोलतो, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहून मला काकांबद्दल फक्त एवढंच माहीत होतं की ते दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात, स्वतःचे सगळे दात शाबूत आहेत आणि सुट्टीच्या दिवशी पाठीला पिशवी लावून एकटेच कुठेतरी जातात. आमच्या मजल्यावर त्या 'कुठेतरी'बद्दल दोनतीन तर्क होते. सगळेच दगडांपेक्षा रंगीत होते.

जायचे ते खाणीत. शहराबाहेर चुनखडीची एक बंद पडलेली खाण आहे. बसचा शेवटचा स्टॉप तिथेच. खाण चालू होती तेव्हा बस भरून जायची. खाण बंद पडली, पण वेळापत्रकातला स्टॉप पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. बस रिकामी जायची, रिकामी परत यायची, म्हणून कंडक्टरही दिलेला नव्हता; तिकीट ड्रायव्हरच फाडायचा. परतीची वेळ होईपर्यंत ड्रायव्हर खाली उतरून पाय मोकळे करायचा आणि करायला काही नाही म्हणून दगड वेचायचा. भोक असलेल्या चकत्या त्यानं तारेत ओवून आरशाला टांगल्या होत्या.

एकदा काका लॅबमधून निघाले, बसमध्ये बसल्या बसल्या त्यांना झोप लागली आणि जाग आली ती शेवटच्या स्टॉपला. डोळे उघडले तर समोर आरशावर ती माळ लोंबत होती.

"हे कुणाचे दात?" काकांनी विचारलं. ज्याला जे काम, त्याला जगभर तेच दिसतं.

"दात कसले! मणी आहेत," ड्रायव्हर म्हणाला. "पूर्वीच्या बायकांचे."

"मण्यांना अशा बारीक रेघा असतात?"

"मग दातांना मधोमध आरपार भोक असतं?"

दोघंही चुकीचे होते, पण भांडायला मुद्दा उत्तम होता. पुढच्या सुट्टीला दोघं मिळून वाचनालयात गेले आणि एका जाड पुस्तकात त्यांना ते चित्र सापडलं. दातही नव्हेत, मणीही नव्हेत. समुद्रलिलीच्या देठाच्या चकत्या.

ही समुद्रलिली म्हणजे मोठं विचित्र प्रकरण. नाव फुलाचं, रूप फुलाचं आणि जात प्राण्याची. तारामाशाची चुलतबहीण म्हणा. खाणीच्या जागी माणूसही नव्हता तेव्हा समुद्र होता, आणि त्याच्या तळाशी ही देठावर उभी राहायची. वरच्या पेल्यातून पाकळ्यांसारखे हात पसरायचे आणि पाण्याबरोबर वाहत येईल ते खायचं. जन्मभर एका जागी, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. काकांना ती का आवडावी, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

पण ती मेली की देठ सुटतो आणि त्याच्या चकत्या विखुरतात. खाणीत त्या पैशाला पासरी. गोम अशी की, नुसतं बटण पाहून शर्ट कुणाचा हे जसं सांगता येत नाही, तसं चकत्यांवरून लिली कुठली हे सांगता येत नाही. त्यासाठी वरचा पेला शाबूत लागतो. पेल्याला छोट्या छोट्या फरशा बसवल्यासारखे फेर असतात. हात जिथून फुटतात त्या फेराखाली आणखी एकच फेर असला तर घराणं एक; दोन असले तर घराणं दुसरं. आणि तो दुसरा फेर कधीकधी इतका बारीक असतो, की तो पेल्याच्या बुडाशी, देठाआड लपून बसतो.

कितीतरी सुट्ट्या दोघांनी त्या पेल्यापायी घालवल्या. काका दात कोरायची हत्यारं घेऊन यायचे, ड्रायव्हर बसच्या टूलबॉक्समधला हातोडा. चकत्यांनी डबे भरले. पेला काही मिळेना. दोघांचं हसं झालं. ड्रायव्हरची बायको म्हणायची, "लोकांचे नवरे दारू पितात, ते तरी घरी येऊन झोपतात." काकांच्या घरी म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून ते ड्रायव्हरच्या बायकोचंच अर्धं बोलणं वाटून घ्यायचे.

आणि एके दिवशी तो मिळाला. ड्रायव्हरनं हातोडा घातला आणि लादी पुस्तकासारखी उघडली. एका पानावर अख्खं फूल, देठासकट, हातांसकट. दुसऱ्या पानावर त्याचा नुसता ठसा. दोघंही गुडघ्यांवर बसून त्यावर वाकले म्हणे. आणि लगेच भांडायला लागले.

"दोन फेर," ड्रायव्हर म्हणाला.

"एक," काका ठशाकडे बघत म्हणाले. "ठशात स्वच्छ एक दिसतोय."

"ठशात काय दिसणार डोंबल? फुलात बघ."

"फुलाच्या बुडाशी तर मातीचा गोळा बसलाय! काय बघू? दे इकडे, मी साफ करून देतो. मग काय ते दिसेलच."

बरोबर होतं ते. तो गोळा सुईच्या टोकानं, कणाकणानं काढायला हात हवा, आणि तसा हात काकांचाच होता. ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगचे. त्यानं सुई धरली असती तर पेलाच फुटला असता. पण ड्रायव्हर हसला आणि म्हणाला, "नको बाबा. तू साफ केलास तर दुसरा फेर शिल्लकच राहायचा नाही."

थट्टाच असेल. काकांनाही तसंच वाटतं, पण आता वाटतं. तेव्हा त्यांच्या कानशिलात पेटल्यासारखं झालं. दातांच्या कामात कवळी चावली, टोचली, तोंडात खुळखुळली तर ऐकून घेतात. पण आपल्याला हवं तसं दिसावं म्हणून कुणी मुद्दाम घासलं, असं आजवर त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी आपला ठसा पिशवीत टाकला आणि म्हणाले, "तुझं फूल तुला लखलाभ. चाललो मी."

चाललो म्हणजे कुठे? तिथून परतायला एकच बस होती आणि ती चालवायला एकच ड्रायव्हर. काका मागच्या दारानं चढले आणि अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. अख्ख्या बसमध्ये दोघंच, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. शहर येईपर्यंत एकही उतारू चढला नाही. ड्रायव्हरनं दोनदा आरशात पाहिलं. काकांनी दोन्ही वेळा खिडकीबाहेर पाहिलं. उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "तिकीट?" हीसुद्धा थट्टाच असणार. काकांनी तिकीट काढलं आणि उतरले.

तेवढ्यावर बोलणं तुटलं. त्यानंतर काका ड्रायव्हरची पाळी नसेल ते दिवस बघून जाऊ लागले. एकटेच खणायचे. काही चांगलं हाताला लागलं की सवयीनं उजवीकडे मान वळवायचे, पण दाखवायला तिथे कुणी नसायचं. मग रुमालात गुंडाळून घरी आणायचे आणि खोक्यात ठेवायचे. बहिणीला फोनवर सांगायला गेले तर ती म्हणायची, "दादा, ते राहू दे, तू जेवलास का?"

"आणि तुम्हाला त्यांची कधी काही खबर?" मी एकदा थेंब घालता घालता विचारलं.

"खबर?" काका डोळे मिटून हसले. "त्याचा जबडा माझ्याकडे असायचा रे."

झालं असं की काही वर्षांनी लॅबमध्ये दाताच्या डॉक्टरकडून एक माप आलं. नाव नसतं त्यावर, नुसता नंबर. काकांनी त्यात प्लास्टर ओतलं, साचा काढला आणि बघत राहिले. डावीकडचा उरलेला सुळा बाहेरच्या बाजूला वळलेला. इतकी वर्षं ज्याला समोर बसून हसताना पाहिलं, त्याचं तोंड ओळखायला नाव कशाला लागतं? ती कवळी काकांनी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. पुढे तोही सुळा काढला आणि पुरी कवळी आली, तेव्हा काकांनी त्या जागचा दात मुद्दाम तसाच जरा बाहेर वळवून बसवला. डॉक्टरांचा फोन आला, "अहो, हा दात वाकडा लागलाय."

"माणूसच तसा आहे," काका म्हणाले.

डॉक्टर चिडले. कवळी परत पाठवतो म्हणाले. पण पाठवली नाही. पेशंटनं आरशात बघून सांगितलं म्हणे, राहू द्या, बरोबर बसलाय.

तेव्हापासून वरचेवर ती कवळी दुरुस्तीला यायची. कधी बेसिनमध्ये पडून तडकलेली, कधी हिरडी झिजून सैल झालेली. काका ती नीट करून, घासून, पुसून परत पाठवायचे. बोलाचाल नाही, पत्र नाही, पण ड्रायव्हर अजून आहे, अजून वेंधळाच आहे, हे काकांना कळायचं.

"आणि आता?"

"आता बरेच दिवसांत आली नाही. गेल्या खेपेला मी जरा घट्ट बसवली होती." काकांनी डोळे पुसले. थेंबांचंच पाणी असेल. "बाकी, आता ठसाही गेला. म्हणजे माझ्या बाजूनं बोलायला माझ्याकडे काहीच उरलं नाही. एक फेर होता की दोन, ते त्याच्याकडच्या फुलालाच माहीत."

"मग आपण त्यांच्याकडे जाऊ या ना, काका."

"तू जायचं नाहीस. मीही जायचं नाही," काका म्हणाले. "औषधाचं झाकण लाव."

झाकण मी लावलं, आणि गेलो. शुद्ध हेतूनं. डेपोत चौकशी केली, पत्ता काढला, दार वाजवलं. दार ड्रायव्हरच्या सुनेनं उघडलं. तिच्या हाताला कणीक लागलेली होती आणि मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं.

"बाबा थंडीतच गेले," ती म्हणाली. "तुम्ही डेपोतले का?"

मी दारातच उभा. सगळी भाषणं घोटून आलो होतो, त्यातलं एकही या प्रसंगाचं नव्हतं. शेवटी कसंबसं म्हटलं, "त्यांचे दगड होते ना..."

"अहो, होते काय, आहेत! बागेत कडेनं लावलेत सगळे. न्यायचेत? न्या की." मग ती जराशी थांबली. "एक तेवढा आत आहे. त्याला हात लावू द्यायचे नाहीत कुणाला. मी एकदा फडकं मारायला गेले तर म्हणाले, ठेव तसाच, साफ करणारा येणार आहे. आम्हाला वाटायचं, कुठल्या कंपनीचा माणूस वगैरे असेल." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच का ते?"

"नाही," मी म्हटलं. "मी साफ करणारा नव्हेच. पण त्यांच्याकडूनच आलोय."

तिनं लादी आणून दिली. जुन्या खाकी शर्टाच्या बाहीत गुंडाळलेली होती.

परतीच्या वाटेवर काकांना कसं सांगायचं याची मी तालीम केली. काकांनी दार उघडलं, माझ्या हातातली खाकी बाही पाहिली, आणि तालीम फुकट गेली.

"दिला त्यानं?"

"त्यांच्या सुनेनं दिला, काका."

"सुनेनं," काका म्हणाले. बाही सोडवून त्यांनी लादी टेबलावर ठेवली, बाहीची घडी घातली, घडी पुन्हा मोडून नीट घातली. माझ्या तोंडून सुनेचं ते 'साफ करणारा येणार आहे' हे वाक्य निघून गेलं. काकांनी पाठमोऱ्यानंच ती घडी लादीशेजारी ठेवली. मग म्हणाले, "कवळी घालूनच गेला का?"

"मी... ते विचारलं नाही."

"विचारायचं होतंस," ते म्हणाले. "कवळी काढली की ओळखू येत नाही माणूस."

डॉक्टरांनी डोळ्यांना ताण द्यायची परवानगी देईपर्यंत ती लादी टेबलावर पडून होती. काका तिच्या आसपास वावरायचे, पण तिच्याकडे बघायचे नाहीत. परवानगी मिळाली त्या दिवशी ते आधी लॅबमध्ये जाऊन आले. दुपारी मी गेलो तर खिडकीशी टेबल ओढलेलं, भिंगाचा दिवा लावलेला, दात कोरायच्या सुया ओळीनं मांडलेल्या. आणि टेबलाच्या पलीकडे, माणूस समोर बसावा तसा, प्लास्टरचा एक पांढरा जबडा ठेवलेला. डावा सुळा बाहेर वळलेला. बसायला दुसरी खुर्ची नव्हतीच. मी खोक्यावर टेकलो.

मग रोज दुपारी काम चालू झालं. काका सुईच्या टोकानं एक कण सैल करायचे, रबरी फुग्यानं फुंकायचे, बघायचे, पुन्हा सुई. त्यांचा हात चालताना दिसायचाही नाही. मातीचा गोळा वाटाण्याएवढा होता, त्याचा मसुरीएवढा झाला. वर पाच-पाच फरशांचे फेर कसे कोरून काढल्यासारखे स्वच्छ दिसायला लागले. हातांचा फेर, त्याखाली एक फेर, आणि त्याखाली माती.

इथे माझ्या मनात पाप आलं. म्हटलं, या माणसानं एवढी वर्षं एका फेरावर काढली. ठसा मी विरघळवला. भांडणारा तर निघूनच गेला. आता हे इथेच थांबलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?

"काका, राहू द्या की आता," मी म्हटलं. "असाच किती सुंदर दिसतोय. उगाच जास्त खोल गेलं तर तुटेल बिटेल."

"असाच ठेवायचा असता तर त्यानं साफ करणाऱ्याची वाट पाहिली नसती," काका म्हणाले. सुई थांबली नाही.

त्या दिवशी मी घरी गेलो तो चहाच्या वेळेला परत आलो. दिवा चालूच होता. सुया पुसून जागच्या जागी ठेवलेल्या होत्या. काका खुर्चीतून उठून खिडकीशी उभे होते, पाठ माझ्याकडे. खाली रस्त्यावरून एक बस रिकामी चालली होती, ती वळेपर्यंत ते बघत राहिले.

"झालं?" मी विचारलं.

"बघ."

मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि भिंगाला डोळा लावला. पेल्याचं बूड आता पूर्ण मोकळं झालं होतं. देठ जिथे चिकटतो, अगदी त्याच्या काठाशी, तीळ ठेवावेत तशा इवल्या इवल्या पाच फरशा गोल बसलेल्या होत्या. दुधाच्या दातांसारख्या. एकीवरही ओरखडा नव्हता. काकांनी त्यांच्यामधल्या फटींतून माती काढली होती आणि त्यांच्या अंगाला मात्र हात लावला नव्हता.

मी भिंगावरून मान वर काढली नाही. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"मला तर बुवा एकच फेर दिसतोय, काका."

"दोन आहेत, आणि तुलाही दिसतायत."